हवाई प्रात्यक्षिकांच्या छायाचित्रणासाठी टेलिफोटो भिंगाची निवड

हवाई प्रात्यक्षिकांच्या छायाचित्रणासाठी टेलिफोटो भिंगाची निवड हा हौशी व व्यावसायिक छायाचित्रकारांपुढील एक तांत्रिक प्रश्न आहे. अशा कार्यक्रमांत विमाने प्रेक्षकांपासून काही शे मीटर अंतरावरून आणि मोठ्या वेगाने जातात. त्यामुळे मोबाइलच्या किंवा कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या भिंगाने घेतलेल्या चित्रात विमान ठिपक्याएवढे दिसते. दूरची वस्तू मोठी दाखविणाऱ्या भिंगाला रूढ भाषेत टेलिफोटो लेन्स म्हणतात. निवड करताना नाभीय अंतर, संवेदकाचा आकार, छिद्राचा व्यास, वजन, ऑटोफोकसचा वेग आणि किंमत या बाबींचा एकत्रित विचार करावा लागतो. सर्वांत लांब किंवा सर्वांत महाग भिंग हे या कामासाठी सर्वोत्तम असतेच असे नाही.

महाराष्ट्रातील हवाई प्रात्यक्षिके

भारतीय वायुसेनेचे ‘सूर्यकिरण’ हे कसरतपथक १९९६ मध्ये स्थापन झाले. त्याचा तळ कर्नाटकातील बीदर येथे असून मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेला हा जिल्हा महाराष्ट्राला लागून आहे. पथक पूर्वी किरण जातीची विमाने वापरीत असे. हल्ली ते हॉक एमके-१३२ ही प्रशिक्षण विमाने वापरते. नऊ विमानांची एकत्र रचना हे त्याचे वैशिष्ट्य होय. ‘सारंग’ हे ध्रुव हेलिकॉप्टरांचे पथक असून ‘आकाशगंगा’ हे छत्रीधारी सैनिकांचे पथक आहे.

नागपूर येथे वायुसेनेच्या अनुरक्षण विभागाचे मुख्यालय आहे. तेथील वायुसेनानगरात नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘एअर फेस्ट’ हा कार्यक्रम झाला व त्यात सूर्यकिरण पथकाने कसरती सादर केल्या. वर्धा शहर आणि त्याला लागून असलेली सिंदी मेघेसारखी गावे नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर आहेत. तेथील विद्यार्थ्यांना व हौशी छायाचित्रकारांना हेच ठिकाण सर्वांत जवळचे होय. मुंबईत जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्ह येथे अशी प्रात्यक्षिके झाली. बंगळूरूजवळील येलहंका येथे १९९६ पासून भरणारे ‘एरो इंडिया’ हे द्वैवार्षिक प्रदर्शन देशातील अशा कार्यक्रमांपैकी सर्वांत मोठे मानले जाते.

अंतर आणि सुरक्षितता

प्रेक्षक व विमाने यांच्यातील अंतर छायाचित्रकाराच्या इच्छेवर अवलंबून नसते. ते सुरक्षिततेच्या नियमांनी ठरते. जर्मनीतील रामस्टाइन येथे २८ ऑगस्ट १९८८ रोजी इटलीच्या कसरतपथकाची विमाने एकमेकांवर आदळली. त्यांपैकी एक विमान प्रेक्षकांत कोसळले आणि ७० जणांचा मृत्यू झाला. युक्रेनमधील ल्विव्ह शहराजवळ २७ जुलै २००२ रोजी झालेल्या अपघातात ७७ प्रेक्षक मरण पावले. भारतातही १९ फेब्रुवारी २०१९ रोजी येलहंका येथे सरावाच्या वेळी सूर्यकिरण पथकाच्या दोन विमानांची टक्कर होऊन एका वैमानिकाचा मृत्यू झाला.

अशा घटनांमुळे प्रेक्षकांपासून ठेवावयाची अंतरे व उड्डाणाच्या दिशा यांविषयीचे नियम कडक झाले. अमेरिकेत वेगवान जेट विमानांच्या कसरतींसाठी प्रेक्षकांपासून किमान १,५०० फूट, म्हणजे सुमारे ४५७ मीटर, अंतर राखण्याची पद्धत आहे. कमी वेगाच्या विमानांसाठी हे अंतर १,००० किंवा ५०० फूट असते. म्हणून ‘जवळून चित्र मिळत नाही’ ही तक्रार या क्षेत्रात गैरलागू ठरते. अंतर हे प्रेक्षकांच्या जिवाचे मोल असून भिंगाची निवड त्या अंतराला अनुसरूनच करावी लागते. पुढील आकडेमोडीत ५०० मीटर हे अंतर उदाहरणादाखल घेतले आहे.

रचना व संज्ञा

बहिर्वक्र भिंगातून समांतर किरण गेल्यास ते ज्या बिंदूत एकत्र येतात त्यास नाभी म्हणतात आणि भिंगापासून नाभीपर्यंतच्या अंतरास नाभीय अंतर म्हणतात. कॅमेऱ्याच्या भिंगांवर हे अंतर मिलिमीटरमध्ये छापलेले असते. काटेकोर अर्थाने, ज्या भिंगाची प्रत्यक्ष लांबी नाभीय अंतरापेक्षा कमी असते तेच टेलिफोटो भिंग होय. त्यात पुढे किरण एकवटणारा, तर मागे त्यांना किंचित पसरविणारा भिंगसमूह असतो. या रचनेचे एकस्व इंग्लंडमधील थॉमस रुडॉल्फस डॅलमायर यांनी १८९१ मध्ये घेतले. व्यवहारात मात्र कोणत्याही मोठ्या नाभीय अंतराच्या भिंगास हे नाव दिले जाते.

नाभीय अंतर आणि प्रतिमेचा आकार

दूरच्या वस्तूची संवेदकावर पडणारी प्रतिमा किती मोठी असेल, हे पुढील साध्या सूत्राने काढता येते :

प्रतिमेची लांबी = नाभीय अंतर × वस्तूची लांबी ÷ वस्तूचे अंतर

हॉक विमानाची लांबी सुमारे १२.४ मीटर आहे. ते ५०० मीटरवरून प्रेक्षकांना आडवे जात असल्यास ४०० मिमी भिंगाने त्याची प्रतिमा ४०० × १२.४ ÷ ५००, म्हणजे सुमारे ९.९ मिमी लांब पडते. पूर्ण-चौकट (फुल फ्रेम) संवेदकाची रुंदी ३६ मिमी आणि एपीएस-सी संवेदकाची रुंदी सुमारे २३.५ मिमी धरल्यास वेगवेगळ्या भिंगांनी मिळणारे परिणाम पुढीलप्रमाणे असतात.

| नाभीय अंतर | आडवा दृश्यकोन (पूर्ण-चौकट) | प्रतिमेची लांबी | पूर्ण-चौकटीचा व्यापलेला भाग | एपीएस-सीचा व्यापलेला भाग |
|---|---|---|---|---|
| १०० मिमी | २०.४° | २.५ मिमी | ७% | ११% |
| २०० मिमी | १०.३° | ५.० मिमी | १४% | २१% |
| ३०० मिमी | ६.९° | ७.४ मिमी | २१% | ३२% |
| ४०० मिमी | ५.२° | ९.९ मिमी | २८% | ४२% |
| ५०० मिमी | ४.१° | १२.४ मिमी | ३४% | ५३% |
| ६०० मिमी | ३.४° | १४.९ मिमी | ४१% | ६३% |

अंतर दुप्पट झाल्यास प्रतिमा निम्मी होते. सुमारे २२ मीटर लांबीचे सुखोई-३० विमान त्याच अंतरावर हॉकच्या पावणेदोनपट मोठे दिसते. म्हणून कोणत्या कार्यक्रमात कोणती विमाने येणार आहेत, हे आधी पाहणे उपयुक्त ठरते.

संवेदकाचा आकार

एपीएस-सी संवेदक लहान असल्याने तो भिंगाच्या प्रतिमेचा मधलाच भाग टिपतो. परिणामी ३०० मिमी भिंगाचा दृश्यकोन पूर्ण-चौकट कॅमेऱ्यावरील सुमारे ४५० मिमी भिंगाइतका होतो. यालाच दीडपट ‘क्रॉप फॅक्टर’ म्हणतात; कॅनन कंपनीच्या कॅमेऱ्यांत तो १.६, तर मायक्रो फोर थर्ड्‌स पद्धतीत २ असतो. या गुणकामुळे भिंगाचे नाभीय अंतर बदलत नाही, केवळ चित्राची चौकट आवळली जाते.

नवशिक्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. चोवीस मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यातील चित्र सुमारे ६,००० बिंदू रुंद असते. अशा कॅमेऱ्याला ७०-३०० मिमीचे भिंग लावल्यास ५०० मीटरवरील हॉक विमान सुमारे १,९०० बिंदूंमध्ये मावते. इंचास ३०० बिंदू या प्रमाणाने केवळ विमानाचाच सुमारे १६ सेंटिमीटर रुंदीचा छापील फोटो त्यातून निघू शकतो. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी किंवा घरातील चौकटीसाठी एवढा तपशील पुरेसा असतो.

झूम भिंग आणि स्थिर नाभीय अंतराचे भिंग

हवाई प्रात्यक्षिकांत विषयाचा आकार क्षणोक्षणी बदलतो. एकटे विमान समोरून जाते तेव्हा ५०० ते ६०० मिमी भिंगही अपुरे वाटते. परंतु नऊ विमानांची रचना येते तेव्हा तेच भिंग अडचणीचे ठरते. समजा, ५०० मीटर अंतरावरील रचना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८० मीटर पसरली आहे. तिची प्रतिमा ४०० मिमी भिंगाने ६४ मिमी पडेल, म्हणजे ती पूर्ण-चौकट संवेदकातही मावणार नाही. २०० मिमीवर ती ३२ मिमी होऊन पूर्ण-चौकटीत जेमतेम बसेल, पण एपीएस-सी संवेदकाबाहेर जाईल. १०० मिमीवर ती १६ मिमी होऊन दोन्हींत बसेल आणि मागे सुटणाऱ्या धुराच्या रेषांनाही जागा उरेल.

या कारणाने १००-४०० मिमी किंवा तत्सम पल्ल्याचे झूम भिंग या कामासाठी सर्वाधिक सोयीचे मानले जाते. १५०-६०० किंवा २००-६०० मिमीची भिंगे एकट्या विमानासाठी चांगली असतात. मात्र एपीएस-सी कॅमेऱ्यावर त्यांची सुरुवातच रचनेसाठी फार लांब ठरते. स्थिर नाभीय अंतराची भिंगे, ज्यांना छायाचित्रकार ‘प्राइम’ म्हणतात, बहुधा अधिक रेखीव चित्र देतात. पण त्यांच्याबरोबर मोठी रचना टिपण्यासाठी दुसरा कॅमेरा जवळ ठेवावा लागतो. धुळीच्या मैदानात भिंगांची अदलाबदल केल्यास संवेदकावर धूळ बसते आणि निळ्या आभाळाच्या चित्रांत ती काळ्या डागांच्या रूपाने ठळक दिसते.

छिद्र आणि प्रकाश

भिंगाच्या छिद्राचे माप एफ-अंकाने सांगतात. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले असता हा अंक मिळतो. त्यामुळे ४०० मिमी भिंगाला एफ/२.८ साठी सुमारे १४३ मिमी, तर एफ/५.६ साठी सुमारे ७१ मिमी व्यासाचे छिद्र लागते. पहिले भिंग चौपट प्रकाश घेते, परंतु त्याचे वजन तीन किलोच्या आसपास जाते आणि किंमत अनेक पटींनी वाढते.

भर उन्हात होणाऱ्या प्रात्यक्षिकांना एवढ्या प्रकाशाची गरज नसते. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० असताना एफ/१६ छिद्रास १/१०० सेकंद इतका शटर वेग पुरतो, असा छायाचित्रणातील जुना ठोकताळा आहे. त्यानुसार एफ/५.६ व आयएसओ २०० ठेवल्यास १/१६०० सेकंद हा वेग मिळतो आणि जेट विमान स्थिर टिपण्यास तो पुरेसा असतो. शिवाय विमान दूर असल्याने मोठ्या छिद्राने पार्श्वभूमी धूसर करण्याचाही प्रश्न उरत नाही. संध्याकाळची किंवा ढगाळ हवेतील प्रात्यक्षिके नित्य टिपावयाची असतील, तरच एफ/२.८ किंवा एफ/४ च्या भिंगावरील खर्च सार्थकी लागतो.

वेग, कंपनरोध आणि ऑटोफोकस

ताशी ६०० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला सुमारे १६७ मीटर जाते. ५०० मीटरवरून आडवे जाताना, अगदी समोर आल्यावर त्याची दिशा सेकंदाला सुमारे १९ अंशांनी बदलते. ४०० मिमी भिंगाचा आडवा दृश्यकोन ५.२ अंशांचा असल्याने कॅमेरा स्थिर धरल्यास विमान चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास निघून जाते. म्हणून विमानाबरोबर कॅमेरा एकसारख्या गतीने फिरवावा लागतो. या क्रियेस ‘पॅनिंग’ म्हणतात. भिंग जितके लांब, तितके विमान चौकटीत पकडणे व राखणे अवघड होते.

जेट विमानांसाठी १/१००० ते १/२००० सेकंद हा शटर वेग वापरतात. पंखे असलेल्या विमानांना व हेलिकॉप्टरांना हा नियम लागू पडत नाही. मिनिटाला ३०० फेरे घेणारे पाते १/१००० सेकंदात केवळ १.८ अंश फिरते. अशा चित्रात पाती गोठल्यासारखी दिसतात आणि हेलिकॉप्टर आभाळात टांगल्यासारखे वाटते. १/१२५ सेकंदात तेच पाते सुमारे १४ अंश फिरते आणि गतीचा आभास निर्माण होतो. इतक्या मंद शटर वेगाला भिंगातील कंपनरोधक यंत्रणा उपयोगी पडते. अनेक भिंगांत पॅनिंगसाठी निराळी स्थिती दिलेली असते. तिच्यात यंत्रणा केवळ उभ्या दिशेचे हालणे थोपविते आणि आडव्या फिरण्यास अडथळा करीत नाही. जेटसाठी जलद शटर वेग असताना या यंत्रणेचे महत्त्व कमी होते. तेथे ऑटोफोकसचा वेग अधिक मोलाचा ठरतो. भिंगावर फोकसचा पल्ला मर्यादित करणारी कळ असल्यास ती दूरच्या पल्ल्यावर ठेवावी. त्यामुळे निरभ्र आभाळात लक्ष्य हुकल्यावर भिंग जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यात वेळ दवडत नाही.

टेलिकन्व्हर्टर

कॅमेरा व भिंग यांच्यामध्ये बसविण्याच्या जोडभिंगास टेलिकन्व्हर्टर म्हणतात. १.४ पट जोडभिंगाने ४०० मिमी एफ/५.६ चे भिंग ५६० मिमी एफ/८ चे होते, तर २ पट जोडभिंगाने ते ८०० मिमी एफ/११ चे होते. प्रकाश अनुक्रमे निम्मा व एकचतुर्थांश होतो. अनेक कॅमेऱ्यांत एफ/८ नंतर ऑटोफोकस मंदावतो किंवा बंद पडतो. त्यामुळे वेगवान विमानांसाठी २ पट जोडभिंग सहसा टाळतात.

वजन, हवा आणि ऊन

१५०-६०० मिमी वर्गातील भिंगे सुमारे दोन किलो वजनाची असतात. प्रात्यक्षिके डोक्यावरही होत असल्याने ट्रायपॉडचा फारसा उपयोग होत नाही; गर्दीत तो अडथळाही ठरतो. दोन किलोचे भिंग व कॅमेरा तासभर हातांवर पेलता येईल काय, हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारावयास हवा. दमलेल्या हाताने घेतलेल्या ६०० मिमीच्या चित्रापेक्षा स्थिर हाताने घेतलेले ३०० मिमीचे चित्र अधिक रेखीव येते.

हवेमुळे पडणारी मर्यादा कोणत्याही भिंगाने दूर होत नाही. विदर्भात दुपारी जमीन व धावपट्टी तापल्यावर त्यांवरील हवा थरथरते आणि दूरच्या विमानाच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. अशा वेळी अधिक लांब भिंग ही थरथरच मोठी करून दाखविते. उंचावरील विमानांच्या चित्रांत हा दोष कमी, तर धावपट्टीवरील विमानांच्या चित्रांत अधिक आढळतो. हिवाळ्यात सकाळचे धुके विरल्यानंतर व ऊन चढण्यापूर्वी मिळणारा काळ सर्वांत चांगला असतो.

सूर्य पाठीशी असलेली जागा निवडणे हे भिंगाच्या निवडीइतकेच परिणामकारक असते. मरीन ड्राइव्हवरील प्रेक्षक पश्चिमेकडील समुद्राकडे तोंड करून असतात. दुपार कलल्यावर सूर्य त्यांच्या समोर येतो आणि विमाने काळ्या आकृतींसारखी दिसतात. तेथे कोणत्याही किमतीच्या भिंगाने विमानाचे रंग पूर्ण उजळत नाहीत.

प्रचलित भिंगे

पूर्ण-चौकट कॅमेऱ्यांसाठीच्या भिंगांत कॅननचे १००-४०० मिमी एफ/४.५-५.६ (दुसरी आवृत्ती, २०१४), निकॉनचे २००-५०० मिमी एफ/५.६ (२०१५) व १८०-६०० मिमी एफ/५.६-६.३ (२०२३), तसेच सोनीचे २००-६०० मिमी एफ/५.६-६.३ (२०१९) ही भिंगे विमानांच्या छायाचित्रणात विशेष वापरली जातात. टॅमरॉन व सिग्मा या कंपन्यांची १५०-६०० मिमी भिंगे तुलनेने स्वस्त असल्याने हौशी छायाचित्रकारांत लोकप्रिय आहेत. सर्व प्रमुख कंपन्यांची ७०-३०० मिमी किंवा ५५-२५० मिमीसारखी हलकी भिंगे प्रारंभासाठी उपयुक्त ठरतात. भिंगाची कॅमेऱ्यावर बसण्याची खाच कंपनीनुसार व काही वेळा कॅमेऱ्याच्या पिढीनुसार निराळी असते. ती जुळते की नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे लागते.

वापरलेली व भाड्याची भिंगे

वर्षातून एखाद्याच कार्यक्रमासाठी मोठे भिंग विकत घेण्यापेक्षा ते भाड्याने घेणे पुष्कळदा परवडते. वापरलेले भिंग घेताना त्यातून विजेरीचा झोत आरपार टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का, हे पाहावे. ते बुरशीचे लक्षण असते. पावसाळ्यातील दमट हवेत कपाटात बंद राहिलेल्या भिंगांना ही बुरशी लागते आणि ती काचेवरील लेप खाते. झूमचे कडे अडखळते का, ऑटोफोकस दोन्ही टोकांपर्यंत जातो का आणि कंपनरोधक यंत्रणा चालते का, हेही तपासावे. आपले भिंग हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवल्यास बुरशीचा धोका कमी होतो.

सराव

पॅनिंगचा सराव विमानांवरच करावा लागतो असे नाही. आभाळात घिरट्या घालणारी घार, तलावावरून उडणारे बगळे किंवा रस्त्यावरून जाणारी वाहने यांवर तो करता येतो. वर्धा परिसरात बोर धरणाचा जलाशय यासाठी सोयीचा आहे. सरावात आपल्या झूम भिंगाचे कोणते नाभीय अंतर अधिक वापरले जाते, हे चित्रांच्या नोंदींवरून कळते आणि अधिक लांब भिंगाची खरोखर गरज आहे काय, याचे उत्तर खर्च करण्यापूर्वीच मिळते.

नियम व काळजी

जाहीर प्रात्यक्षिकांच्या वेळी प्रेक्षकांच्या जागेतून छायाचित्रे घेण्यास सामान्यतः मुभा असते. मात्र आयोजकांच्या सूचना बंधनकारक असतात. वायुसेनेचे तळ व लष्करी परिसर येथे एरवी छायाचित्रणास मनाई असते आणि मोठे भिंग तेथे साहजिकच संशयास कारण होते. कार्यक्रमस्थळी मोठ्या पिशव्या किंवा ट्रायपॉड नेता येतात का, याची आधी चौकशी करावी. ड्रोन उडविणे विमानांच्या दृष्टीने प्राणघातक ठरू शकते.

टेलिफोटो भिंग लावलेल्या कॅमेऱ्याच्या काचेच्या दृश्यदर्शकातून सूर्याकडे पाहिल्यास दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. विमानाचा पाठलाग करताना ते सूर्याच्या दिशेने जाऊ लागल्यास डोळा तत्काळ बाजूला घ्यावा. उन्हात दीर्घकाळ उभे राहण्याचा धोकाही दुर्लक्षिण्यासारखा नाही. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर ६ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या प्रात्यक्षिकांच्या दिवशी प्रचंड गर्दी व उष्मा यांमध्ये पाच जणांचा मृत्यू झाल्याचे वृत्त होते. पाणी, टोपी व सावलीची जागा यांची तजवीज भिंगाइतकीच आवश्यक आहे. लहान मुले बरोबर असल्यास जड साहित्य घरी ठेवून हलके भिंग नेणे अधिक श्रेयस्कर होय.